‘इतर’ला भरघोस पाठिंबा

इंग्लंडमधलं एल्डरविक शहर उत्तरेकडे वाढत चाललं होतं. कॉव्हेंट्रीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला काही वर्षांपूर्वी मेंढ्या चरायच्या. आता तिथं विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या होत्या. बिल्डरनं गल्ल्यांना नावं मात्र मेंढ्यांच्या आठवणीत दिली होती: शेफर्ड्स वे, लॅम्ब्स क्लोज, फ्लीस ड्राइव्ह. घरं झाली, माणसं राहायला आली, आणि मग कौन्सिलच्या लक्षात आलं की या माणसांना फिरायला, त्यांच्या मुलांना खेळायला कुठंतरी जागा लागेल. जागा होती. हॉपर्स फील्ड नावाचं एक अस्ताव्यस्त रान बिल्डरनं त्यासाठीच सोडलं होतं. त्या रानाचा पार्क करायचं काम वरदा देवस्थळीकडे आलं.

वरदा कौन्सिलच्या पार्क्स खात्यात प्लॅनर होती. तिचा जन्म एल्डरविकचाच, आणि ज्या हॉस्पिटलात झाला त्याच हॉस्पिटलात तिची आई, डॉक्टर सुप्रभा देवस्थळी, आयुष्यभर लोकांना भूल देत आली होती. वरदाचं मराठी घरापुरतं. समजायचं सगळं, पण बोलताना तो-ती-ते यांचा कायमचा गोंधळ. तिच्या तोंडी मीटिंग ‘तो’ असायचा आणि प्लॅन ‘ती’. वडील गेल्यावर ती सहा महिन्यांसाठी म्हणून आईकडे राहायला आली, ती राहिलीच.

आईचं घर हॉपर्स फील्डपासून दहा मिनिटांवर. म्हणजे आई ‘रहिवासी’ झाली आणि मुलगी ‘अधिकारी’. वरदा नियमांना धरून चालणारी. तिनं लगेच आपल्या मॅनेजरला, हेलनला, जाऊन सांगितलं, “माझी आई या भागात राहते आणि तिला मतं आहेत.”

“किती मतं?” हेलननं काळजीनं विचारलं.

घरी वरदानं कायदाच केला. “आई, पार्कवर घरी बोलायचं नाही. तुला काही सांगायचा असेल तर कन्सल्टेशनला ईमेल कर. बाकी लोक करतात तसं.”

“सांगायचा नाही, सांगायचं,” सुप्रभा म्हणाली आणि सोफ्यावर बसल्या बसल्या आयपॅड उघडला. थोड्या वेळानं डायनिंग टेबलवरचा वरदाचा लॅपटॉप टुणकन वाजला. पाठोपाठ आयपॅड वाजला. सुप्रभानं चष्मा वर करून आलेलं उत्तर वाचलं.

“‘आपल्या ईमेलबद्दल आभारी आहोत. दहा कामकाजी दिवसांत आम्ही उत्तर देऊ.’ वरदा, तू समोर बसली आहेस.”

“मी आता घरी आहे.”

“बरं. मग वरण आत्ता गरम करू, का त्यालाही दहा दिवस?”

पार्कात काय हवं हे लोकांना विचारण्यासाठी कौन्सिलनं लायब्ररीत एक शनिवार ठरवला. वरदानं मोठा बोर्ड लावला होता. त्यावर रंगीत चित्रं: लहान मुलांचे झोके, सायकलींचा ट्रॅक, रानफुलांचं कुरण, आउटडोअर जिम, मुगा. कोपऱ्यात एक रिकामा चौकोन होता, त्यावर लिहिलं होतं ‘इतर’. येणाऱ्या प्रत्येकाला तीन हिरव्या टिकल्या मिळायच्या. जे हवं त्याच्यावर चिकटवायच्या.

अकराच्या सुमाराला सुप्रभा आली. बरोबर तिची मैत्रीण वैजयंती, जिनं शहरातल्या शाळेत अख्खी हयात गणित शिकवलं होतं.

“गुड मॉर्निंग,” वरदा शक्य तितक्या परक्या आवाजात म्हणाली. “वुड यू लाइक टू टेक पार्ट?”

“हे मुगा काय आहे?” वैजयंतीनं विचारलं. “खायचे स्टॉल वगैरे का?”

“मावशी, ते जाळी लावलेला कोर्ट असते. फुटबॉल, बास्केटबॉल, सगळं एकातच.”

“असं होय. मला वाटलं, मुगाची भजी.”

सुप्रभा बोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आली. “टॉयलेट कुठंय?”

“मागे, फोटोकॉपी मशीनच्या लेफ्टला.”

“लायब्ररीचं नाही विचारत. बोर्डावर कुठंय?”

वरदानं बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड तिनंच केला होता, पण ती असं बघत राहिली जणू कुणी रात्रीतून त्यावरचं टॉयलेट पळवलं असावं. “बोर्डावर नाहीये,” ती शेवटी म्हणाली.

सुप्रभानं तिन्ही टिकल्या ‘इतर’वर लावल्या. वैजयंतीनंही. मग त्या दोघी घरी गेल्या असत्या तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्या दाराजवळच्या खुर्च्यांवर बसल्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला ‘इतर’ म्हणजे काय ते समजावून सांगू लागल्या. आता अडचण अशी की एल्डरविकमधल्या निम्म्या लोकांना सुप्रभानं कधी ना कधी टेबलावर झोपवून “दहापासून उलटे आकडे मोजा” असं सांगितलेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना वैजयंतीनं पाढे. या दोन बायकांनी काही सांगितलं की लोक सवयीनं ते करून मोकळे व्हायचे. संध्याकाळी वरदा बोर्ड उतरवायला आली तेव्हा ‘इतर’चा चौकोन हिरवागार झाला होता. जागा संपल्यावर लोकांनी टिकल्या बोर्डाच्या लाकडी चौकटीवर चिकटवल्या होत्या.

सोमवारी तिनं अहवाल लिहिला. ‘इतर या पर्यायाला नागरिकांचा भरघोस पाठिंबा आहे.’

“आपण ‘इतर’ बांधू शकत नाही, वरदा,” हेलन म्हणाली.

“त्यांना टॉयलेट हवंय.”

हेलननं दार लावून घेतलं. पार्क्स आणि फुरसत या विषयांचे प्रमुख काउन्सिलर कीथ बार्लो त्याच मजल्यावर बसायचे आणि हा शब्द त्यांच्या कानावर जाऊ नये अशी सगळ्यांची इच्छा असायची. बार्लो तसे मनमिळाऊ. साठीचे, लालबुंद गालांचे, कुठल्याही फोटोत मध्यभागी उभे राहणारे. पण गेल्या काही वर्षांत शहरातली सार्वजनिक टॉयलेट्स एकेक करून बंद झाली ती त्यांच्याच सहीनं. त्यांचं म्हणणं साधं होतं. झोका एकदा लावला की लावला. टॉयलेट मात्र रोज कुणीतरी उघडा, कुणीतरी धुवा, कुणीतरी बंद करा, आणि तेवढं करून लोकांच्या तक्रारी ऐका. रानफुलांबद्दल त्यांच्याकडे आजवर एकही तक्रार आली नव्हती.

म्हणून टॉयलेट फेज थ्रीमध्ये गेलं. एल्डरविकच्या कौन्सिलात फेज वन म्हणजे होणार, फेज टू म्हणजे बघू, आणि फेज थ्री म्हणजे नातवंडांना विचारा. तोपर्यंतची सोय म्हणून वरदानं पार्कच्या माहितीपत्रकात एक वाक्य घातलं: ‘येणाऱ्यांनी घरातून निघण्यापूर्वी आपली सोय करून यावी.’

त्या वाक्यानं सगळा घोटाळा झाला.

जाहीर सभा प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये होती. मोठ्या खुर्च्या कुणाला सापडल्या नाहीत, त्यामुळे शहरातले मान्यवर नागरिक पहिलीतल्या मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. स्टेजवर बार्लो, हेलन आणि वरदा. बार्लोंनी प्लॅनची तारीफ केली आणि माणूस पार्कमध्ये सरासरी किती वेळ थांबतो याचा तक्ता दाखवला. सरासरी चाळीस मिनिटं निघत होती. “चाळीस मिनिटं म्हणजे काहीच नाही,” ते हसून म्हणाले. “इतकं तर कुणीही...” आणि पुढचा शब्द त्यांनी सभ्यपणे गिळला.

तिसऱ्या रांगेत सुप्रभा उठली. छोटी खुर्ची तिच्याबरोबरच वर आली, ती वैजयंतीनं ओढून काढली.

“मी डॉक्टर देवस्थळी,” ती इंग्रजीत म्हणाली. हॉस्पिटलात वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाणारा तो आवाज होता. “तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय की घरातून निघण्यापूर्वी जाऊन यावं. हे मी माझ्या मुलीला ती चार वर्षांची असताना सांगायचे.”

हॉल हसला. स्टेजवर ती मुलगी समोरच्या ग्लासातलं पाणी एकटक पाहू लागली.

“माझा प्रश्न चाळीस मिनिटांबद्दल आहे. ही चाळीस मिनिटं कुणाची मोजली? जे आले त्यांची. लोक चाळीस मिनिटांत परत जातात कारण त्यानंतर त्यांना लघवीला लागते. आणि ज्यांना वीस मिनिटांतच लागते ते येतच नाहीत. ते तुमच्या सरासरीत कुठं आहेत?”

हॉल हसायचा थांबला. मागून कुणीतरी टाळी वाजवली. कुत्री फिरवणाऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्ष मिसेस टक उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या कुत्र्याची घाण टाकायला प्लॅनमध्ये चार ठिकाणी डबे दाखवलेत, ही चांगलीच गोष्ट आहे, पण म्हणजे हॉपर्स फील्डमध्ये त्यांच्या रोझीची सोय आहे आणि त्यांची नाही. मग टाळ्या थांबेनात. बार्लोंनी ‘नोंद घेतली आहे’ असं चार वेळा सांगितलं आणि सभा आटोपती घेतली.

घरी जाताना वरदा गाडी चालवत होती. दुसऱ्या सिग्नलला तिचा धीर सुटला.

“सगळ्यांसमोर, आई! माझा बॉस तिथे होती. तुला ती सेंटेन्स आवडला नाही तर मला सांगायचं ना!”

“घरी बोलायचं नाही असा नियम आहे.”

वरदानं स्टिअरिंगवर बोटं आपटली.

“आणि तुझ्याविरुद्ध नव्हतं ते,” सुप्रभा खिडकीबाहेर बघत म्हणाली. “तू मला नेहमी विचारतेस ना, आई, तू हल्ली चालायला का जात नाहीस? बाबा होते तेव्हा रोज जायचात, आता का नाही? तुला वाटतं मी बाबांमुळे घरात बसते.”

“मग?”

“थोडं ते आहेच. पण ब्लड प्रेशरची गोळी बदलली ना, पाण्याची गोळी आहे ती. घेतली की अर्ध्या पाऊण तासात जावंच लागतं. म्हणून मी कुठं जाते बघ. सुपरमार्केट, लायब्ररी, वैजूचं घर आणि गार्डन सेंटर. कारण तिथं आहे. कालव्याकडे नाही जात, जुन्या चर्चकडे नाही जात. बसनं कॉव्हेंट्रीला जायचं सोडलं. तुम्ही तिकडे शहर वाढवताय, नकाशे मोठे करताय, आणि माझं शहर चार दुकानांएवढं झालंय.”

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं अगदी हलकेच, इंग्रजी पद्धतीनं, हॉर्न वाजवला.

“तू मला का नाही सांगितलंस?”

“अगं, मी जन्मभर लोकांना कॅथेटर लावले, पण मुलीला हे सांगायला मला लाज वाटली. हॉलमध्ये सांगणं सोपं गेलं. चल, हिरवा झालाय.”

वरदानं दुसऱ्या दिवशी फेज वनचा नकाशा पुन्हा उघडला. टॉयलेट घालायचं तर काहीतरी काढावं लागणार होतं. झोके काढता येत नव्हते. रानफुलांना बार्लोंचा आशीर्वाद होता. मुगासाठी तरुण मंडळींनी सह्या गोळा केल्या होत्या. राहता राहिली आउटडोअर जिम, म्हणजे उघड्यावर मांडलेली व्यायामाची लोखंडी यंत्रं. तिची मागणी सगळ्यांत मोठ्यानं कुणी केली होती? वैजयंतीचे यजमान, डॉक्टर चंद्रशेखर यांनी. वरदा लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून टीव्ही बघायची. तिनं डोळे मिटले, जिम खोडली, तिथं दोन टॉयलेट्सची छोटीशी इमारत काढली आणि नकाशा हेलनकडे पाठवला. हेलननं तो बार्लोंकडे नेला. बार्लोंनी तो न उघडता परत पाठवला. फक्त म्हणाले, कमिटीत मतदान होण्याआधी एकदा सगळ्यांनी जागा पाहू या. फोटोग्राफरही बोलवा.

पाहणीचा दिवस मार्चमधला होता आणि वारा असा की माणसाच्या कानातून आरपार जावा. वरदानं कौन्सिलचे नियम वाचले होते. थंडीत बाहेर पाहणी असेल तर गरम पेय द्यावं, असं त्यात होतं. तिनं मैदानाच्या फाटकाशी टेबल मांडून दोन मोठे थर्मास चहा ठेवला. तिनं हे मुद्दाम केलं नव्हतं. ती आजही शपथेवर हेच सांगते आणि ते खरं आहे.

सहा जण जमले: बार्लो, हेलन, वरदा, फोटोग्राफर, आणि रहिवाशांतर्फे मिसेस टक व सुप्रभा. मिसेस टक यांनी रोझीला घरी ठेवलं होतं, कारण रोझीला काउन्सिलर आवडत नसत. चहा ऊन ऊन होता. बार्लोंनी दोन कप घेतले, मग वारा वाढला म्हणून तिसरा. सुप्रभानं मात्र चहाला हात लावला नाही, सकाळची गोळीही घेतली नव्हती. तिनं आपलं नियोजन घरूनच केलं होतं.

“मला एकूण एक कोपरा बघायचाय,” बार्लो फोटोग्राफरला ऐकू जाईल असं म्हणाले.

मग ते चालले. मैदान कागदावर दिसायचं त्यापेक्षा खूप मोठं होतं आणि चिखल कागदावर दिसतच नव्हता. झोक्यांच्या जागी फोटो झाला. फुलांच्या जागी, जिथं अजून नुसती अंगाला खाज आणणारी नेटलची झुडपं होती, तिथंही फोटो झाला. निम्म्या वाटेवर बार्लोंची पावलं लहान लहान पडू लागली. थोड्या वेळानं त्यांनी फोटोग्राफरला सांगितलं की आता फोटो पुरे. फोटोग्राफरनं हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण त्यानं ते पुन्हा विचारून घेतलं.

सुप्रभा त्यांच्या शेजारून चालत होती. तिनं त्यांच्या चालीकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं.

“मिस्टर बार्लो, फाटक मागे बरंच लांब राहिलंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “पुढची घरं जवळ आहेत. तुम्हाला जायचंय का?”

बार्लोंनी क्षितिजाकडे पाहिलं. “आता तुम्ही विषय काढलाच आहे, तर...”

“झाडामागे जाऊ नका. फोटोग्राफर आहे.”

मैदानाच्या त्या टोकाला कुंपणाला लागूनच नव्या घरांची रांग होती. पहिलंच घर बिल्डरचं शो होम, झेंडे लावलेलं, पडदे, कुंड्या, सगळं थाटात. बार्लो जवळजवळ धावत आत शिरले. विक्रीला बसलेली तरुण मुलगी हसून उठली.

“वेलकम! तीन बेडरूमचं बघणार की चार?”

“बाथरूम,” बार्लो म्हणाले.

“वर दोन आहेत, आणि खाली एक क्लोकरूम,” ती कौतुकानं म्हणाली आणि दार उघडून दाखवलं. आत चकचकीत पांढरं कमोड होतं. त्याच्यावर निळी रेशमी फीत बांधली होती आणि फितीवर पाटी: ‘फक्त प्रदर्शनासाठी. नळजोडणी नाही.’

बार्लो त्या फितीकडे बघत राहिले. आजवर त्यांनी शेकडो फिती कापल्या होत्या. ही एक त्यांना कापता येत नव्हती.

“वरची?” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“तीही प्रदर्शनासाठीच. बाथटबातलं पाणीसुद्धा प्लास्टिकचं आहे.”

एव्हाना बाकीचे दारात पोचले होते, आणि थंडी, चालणं आणि चहा यांचा परिणाम फक्त बार्लोंवर झाला नव्हता. मिसेस टक जागच्या जागी हलत होत्या. हेलननं गेल्या दहा मिनिटांत कुणाशीही बोलणं टाळलं होतं. वरदा स्वतः लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून मनातल्या मनात पुलांची नावं आठवत होती.

सुप्रभा वळली, शेजारच्या घराशी गेली आणि बेल दाबली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार उघडलं. ड्रेसिंग गाऊनमधला एक उंच, झोपाळलेला माणूस उभा होता. त्याचं नाव टोमाश. तो रात्रपाळीचा बस ड्रायव्हर होता आणि नुकताच डोळा लागला होता.

“सॉरी टू डिस्टर्ब यू...” सुप्रभानं सुरुवात केली.

“टॉयलेट?” टोमाश म्हणाला.

“तुम्हाला कसं कळलं?”

“सगळे त्याच्यासाठीच येतात.” त्यानं दार पुरतं उघडलं. “बूट बाहेर काढा, प्लीज. कार्पेट नवं आहे.”

मग शेफर्ड्स वेवरच्या त्या छोट्या पॅसेजमध्ये एल्डरविकचं पार्क्स खातं मोजे घालून रांगेत उभं राहिलं. कोण आधी, कोण नंतर यावर इंग्रज सभ्यतेनं जी वादावादी सुरू झाली (“नाही नाही, आधी तुम्ही”, “छे, मला घाई नाही”) ती सुप्रभानं एका वाक्यात मोडून काढली.

“हा इमर्जन्सी विभाग आहे, इथं शिष्टाचार चालत नाही. मिस्टर बार्लो, आत. मिसेस टक, दुसऱ्या. हेलन, तिसऱ्या. फोटोग्राफर, तुम्हाला? नाही? मग कॅमेरा खाली ठेवा.” आणि वरदाकडे वळून मराठीत, “तू चौथी. धीर धर. खोल श्वास घे.”

“मी ठीक आहे, आई.”

“ठीक नाहीस. चार वर्षांची होतीस तेव्हाही असंच तोंड करायचीस.”

टोमाश जिन्यावर बसून जांभया देत होता. हेलननं त्याला विचारलं, सगळे येतात म्हणजे कोण? तो म्हणाला, कुत्री फिरवणारे येतात. लहान मुलांना घेऊन आया येतात. गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना उशीर झाला होता, ते रडायला लागले. टोमाशनं त्यांना आपली पँट दिली. “चांगले लोक आहेत,” तो म्हणाला. “पण मी दिवसा झोपतो. तुम्ही इथं पार्क करणार म्हणतात. मग तर अजून येतील ना?”

बाथरूमचं दार उघडलं होतं. बार्लो उंबऱ्यात उभे होते, हात पुसत. त्यांनी शेवटचं सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावरचा लालपणा परत आला होता, पण नेहमीचं हसू नव्हतं. ते टोमाशला म्हणाले, “त्या गृहस्थांनी पँट परत केली का?”

“हो. इस्त्री करून.”

बार्लोंनी मान हलवली, बाहेर गेले आणि पायरीवर बसून बूट घालू लागले. नाड्या बांधायला त्यांना बराच वेळ लागला. वरदाची पाळी येईपर्यंत ते तिथंच बसून होते.

कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात झाली. वरदानं नवा नकाशा मांडायच्या आधीच बार्लो उभे राहिले आणि म्हणाले की या विषयाचा आपण स्वतः जागेवर जाऊन सखोल अनुभव घेतला आहे, आणि टॉयलेटशिवाय पार्क ही कल्पनाच आपल्याला कधी पटलेली नव्हती. हेलन छताकडे पाहू लागली. प्रेक्षकांत बसलेली वैजयंती उठायला लागली, तर सुप्रभानं तिला हात धरून खाली बसवलं. “बोलू दे ग त्याला. बांधतोय ना?”

उघडणार कोण आणि बंद करणार कोण हा प्रश्न उरला होता. मिसेस टक म्हणाल्या, किल्ली आमच्या मंडळाकडे द्या. रोझीला पहाटे आणि अंधार पडायच्या आत बाहेर न्यावंच लागतं. ठराव मंजूर झाला. जिम गेली. डॉक्टर चंद्रशेखर त्यानंतर महिनाभर सुप्रभाशी बोलले नाहीत. तिचा फोन आला की पत्नीच्या हातात द्यायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, “तुझ्या मैत्रिणीचा आहे. जिला बायसेप्स नकोत.”

पार्क सप्टेंबरात उघडला. हवा चांगली होती. मुलं झोक्यांवर चढली होती, मुगामध्ये एकाच वेळी तीन वेगवेगळे खेळ चालू होते आणि त्यावरून भांडणंही. पहिल्या वर्षी रानफुलं कमी आणि गवत जास्त, पण लोक गवताचेही फोटो काढत होते. स्थानिक पेपरचा फोटोग्राफर बार्लोंना टॉयलेटच्या दारात उभं करू पाहत होता आणि बार्लो त्याला फुलांकडे ओढत होते. चंद्रशेखर आले, हात मागे बांधून सगळीकडे फिरले, टॉयलेटमध्ये दोनदा गेले आणि वरदाला म्हणाले, “स्वच्छ आहे हो. पण आत एक पुल-अप बार बसला असता.”

वरदा पिवळं जॅकेट घालून दुपारपर्यंत धावपळ करत होती. लोकांना रस्ते दाखवले, एका हरवलेल्या मुलाला त्याच्या आजीकडे पोचवलं, अडकलेली कडी सोडवली. मग तिच्या लक्षात आलं की आई दिसत नाही. सकाळी बरोबर आली होती. वैजयंतीमावशी कॉफीच्या गाडीशी एकटीच उभी होती. “ती मघाशीच गेली ग,” मावशी म्हणाली. “म्हणाली, जरा चालून येते.”

वरदानं बाकांवर पाहिलं. टॉयलेटच्या रांगेत पाहिलं. मग फोन लावला.

“आई, कुठे आहेस तू?”

“माहीत नाही नीट,” सुप्रभाचा आवाज आला. थोडी धाप होती, पण आवाज मजेत होता. “तुझ्या पार्कच्या त्या टोकाला एक लहानसं फाटक आहे. तिथून बाहेर पडलं की कालवा लागतो.”

“माहीत आहे. माझ्या प्लॅनवर आहे ती.”

“तो. कालवा, तो. मी निघताना तुझ्या टॉयलेटात जाऊन आले, मग वाटेत पुलाशी एक पब लागला, तिथल्या बाईनं आत जाऊ दिलं. आता पुढं एक बंद लाकडी दार आहे पाण्यात, बोट खालून वर चढवतात ते. एक बोट चढतेय. नवरा-बायको दोघंही एकमेकांवर ओरडतायत आणि बोट आडवी झालीये. फार छान आहे.”

“तू परत कधी येणार? मी गाडी घेऊन येऊ का?”

“गाडी कशाला? रस्ताच नाही इथं,” सुप्रभा म्हणाली. मग तिचं लक्ष दुसरीकडे गेलेलं वरदाला ऐकू आलं. ती इंग्रजीत कुणालातरी सांगत होती, दोरी सोडा, आधी दोरी सोडा, शांतपणे, खोल श्वास घ्या.

वरदानं पिवळं जॅकेट काढून वैजयंतीमावशीच्या हातात दिलं आणि मैदानाच्या त्या टोकाकडे चालायला लागली.